दोन्ही दिवे हिरवे, तरी रिसेट घेत नाही: दोन चॅनलच्या सेफ्टी इनपुटवर पुन्हा पुन्हा येणारा फॉल्ट

मशीनच्या कुंपणाचा दरवाजा लावलाय. सेफ्टी रिलेवर, म्हणजे दरवाजा उघडला की मशीन थांबवणाऱ्या पॅनलमधल्या उपकरणावर, चॅनल एक आणि चॅनल दोन, दोन्हींचे हिरवे दिवे लागलेत. रिसेटचं निळं बटण दाबताय, पण रिले काही उचलत नाही, म्हणजे चालूच होत नाही. मग शिफ्टमधला एखादा जुना माणूस येतो, शेजारचा दुसराच दरवाजा उघडतो, लावतो, रिसेट दाबतो आणि मशीन चालू. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

तुमच्याकडे असं होत असेल तर शोधाशोध सुरू करण्याआधी एक करा. शेजारचा दरवाजा उघडायची ही युक्ती आजपासून बंद करा. फॉल्ट त्याने जात नाही, फक्त रिलेला तो विसरायला लावला जातो.

चाकणला एका वेल्डिंगच्या रोबो सेलवर आमचं हे जवळजवळ तीन महिने चाललं होतं. सेलला जाळीचं कुंपण आणि तीन दरवाजे. एक नंबर पॅनलजवळ. दोन नंबर टिप बदलायच्या बाजूला, दिवसभर उघडझाप. तीन नंबर मागे भिंतीकडे, जो वर्षातून एखाद्या वेळी सफाईला उघडला जायचा. तिन्हींवर चावीचे डोअर स्विच: दरवाज्यावर स्टीलची चावी, चौकटीवर स्विच, दरवाजा लागला की चावी आत शिरते आणि दोन एनसी कॉन्टॅक्ट (दरवाजा उघडला की तुटणारे) जुळतात. तिन्ही स्विच माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले आणि माळेची टोकं एकाच सेफ्टी रिलेच्या दोन इनपुटला. जुन्या मशीनवर ही जोडणी सर्रास दिसते, कारण रिले एकच लागतो आणि पॅनल छोटं होतं.

शिफ्टच्या वहीत नोंद असायची, ‘डोअर फॉल्ट, रिसेट केला, चालू.’ कोणता दरवाजा, कोणता दिवा, काय करून रिसेट झाला, काहीच नाही. तीन महिन्यांत अशा अकरा नोंदी. मीही त्यातल्या दोनांवर सही केली होती.

आता रिले नेमकं काय बघतो ते. दोन चॅनल म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. दरवाजा उघडा की बंद, हे दोन वेगळ्या कॉन्टॅक्टना, दोन वेगळ्या तारांवरून विचारलं जातं. दोघांपैकी एकानेही ‘उघडा’ म्हटलं की रिले आउटपुट सोडतो आणि मशीन थांबतं. म्हणजे एक चॅनल बिघडला तरी दुसरा थांबवतो. पण खरी किंमत पुढच्या कामाला आहे. दोन उत्तरं जुळत नाहीत हे रिले लक्षात ठेवतो आणि दोन्ही चॅनल एकदा शून्यावर जाऊन परत आल्याशिवाय रिसेट घेत नाही. तुम्ही दरवाजा लावल्यावर दोन्ही दिवे हिरवे दिसतात, रिलेला मात्र आठवत असतं की मघाशी दरवाजा उघडला तेव्हा एक चॅनल खाली पडलाच नव्हता.

म्हणून पहिली तपासणी मीटर न लावता करायची. पॅनल उघडा, एक माणूस दरवाज्यापाशी, एक रिलेसमोर. दरवाजा हळू उघडा, हळू लावा, आणि कोणता दिवा कधी वागला नाही ते बघा. इथे दोन अगदी वेगळे आजार असतात आणि लोक दोघांनाही ‘डोअर फॉल्ट’ म्हणतात.

दरवाजा बंद असताना एक दिवा लागत नसेल, तर तो चॅनल जुळत नाही. कॉन्टॅक्ट काळा पडलाय, तार तुटलीय, फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) इन्सुलेशनवरच दाबला गेलाय किंवा दरवाजा बिजागरीत खाली बसलाय आणि चावी पूर्ण आत जात नाही. हा त्रासदायक पण सज्जन फॉल्ट. मशीन उभं राहतं, उत्पादन बुडतं, हात वाचतो.

दरवाजा उघडा असताना एक दिवा लागलेलाच राहत असेल, तर तो चॅनल तुटत नाही. कॉन्टॅक्ट चिकटलाय, दोन तारा एकमेकींना लागल्यात किंवा कुठूनतरी दुसरीकडून २४ व्होल्ट येतायत. मशीन थांबलं ते उरलेल्या एका चॅनलच्या जिवावर. सुरुवातीला लिहिलेलं लक्षण, दोन्ही हिरवे आणि रिसेट नाही, ते बहुतेक वेळा याचं असतं. अशा वेळी सेल बंद ठेवायचा. सुपरवायझर कितीही घड्याळ दाखवू दे.

शेजारच्या दरवाज्याच्या युक्तीने काय होतं ते आता लक्षात येईल. समजा दोन नंबरच्या स्विचचा चॅनल एक शॉर्ट आहे. दोन नंबर उघडला: चॅनल दोन पडला, एक तसाच. मशीन थांबलं, रिलेने फॉल्ट धरला. आता कुणी एक नंबर उघडला. त्याचे दोन्ही कॉन्टॅक्ट चांगले, म्हणून माळेतले दोन्ही चॅनल शून्यावर गेले. लावला, दोन्ही वर आले. रिलेच्या दृष्टीने परीक्षा पास. रिसेट मिळाला. शॉर्ट जिथल्या तिथे आहे, फक्त आता त्याची आठवण कुणाला नाही. काही दिवसांनी त्याच स्विचचा दुसरा चॅनल गेला, की दोन नंबर सताड उघडा आणि रोबो चालू. दोन चॅनल बसवण्याचे पैसे भरून एका चॅनलचीही सुरक्षा हातात उरत नाही.

याला फॉल्ट मास्किंग म्हणतात, झाकला गेलेला फॉल्ट. माळेतल्या इंटरलॉक स्विचसाठी हे कसं मोजायचं यावर आयएसओ टीआर २४११९ हा स्वतंत्र दस्तऐवज २०१५ मध्ये आला. त्याचा सोपा तक्ता बराच कडक आहे. तासातून एकदाहून जास्त उघडले जाणारे एकापेक्षा अधिक दरवाजे एका माळेत असतील, तर फॉल्ट पकडण्याची क्षमता, ज्याला डीसी (डायग्नोस्टिक कव्हरेज) म्हणतात, ती नाहीच असं धरायचं. मशीनच्या सुरक्षा कंट्रोलचं मानक आयएसओ १३८४९-१ प्रमाणे कॅटेगरी ३ ला (एका बिघाडाने सुरक्षा जाऊ नये अशी रचना) निदान ६० टक्के डीसी लागतो. म्हणजे ड्रॉइंगवर ‘कॅटेगरी ३, पीएल डी’ लिहिलेलं असतं (पीएल म्हणजे सुरक्षेची पातळी, ए ते ई), तारा दोन दोन गेलेल्या असतात, आणि दावा मात्र तिथेच कोसळलेला असतो. मशीन घेताना हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. पुरवठादाराने सांगितलंही नव्हतं.

हे वाचून ‘आमच्याकडे पेट्रोल थोडंच आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक पेट्रोलचीच गोष्ट. इंग्लंडमध्ये हेमेल हेम्पस्टेडजवळ बन्सफील्डच्या साठवण डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ नंबरची टाकी भरून वाहिली आणि सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. रविवार होता म्हणून कुणी मेलं नाही, जखमी चाळीसहून अधिक. त्या टाकीवर पातळीसाठी दोन वेगळी साधनं होती: एक गेज, आणि त्याच्यापासून स्वतंत्र असा हाय लेव्हल स्विच. गेज ३१ ऑगस्टपासून त्या दिवसापर्यंत १४ वेळा अडकला होता. अडकला की काही सुपरवायझर तो पार वर उचलायचे आणि पुन्हा खाली सोडायचे. चालू व्हायचा. आमच्या शेजारच्या दरवाज्याचीच युक्ती. आणि स्वतंत्र स्विच? त्याला चाचणीसाठी एक दांडी होती. ती कामाच्या जागेवर धरून ठेवायला कुलूप लागायचं. ते कुलूप कशासाठी आहे हे बसवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना कळलं नव्हतं, कुलूप नव्हतं, आणि स्विच निकामी होता. कागदावर दोन साधनं, त्या पहाटे एकही नाही.

परत आपल्या पॅनलकडे.

तुटत नसलेला चॅनल सापडला की पुढचा प्रश्न असा: दोष स्विचमध्ये की तारेत? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अदलाबदल. स्विचच्या टर्मिनलवर चॅनल एक आणि दोनच्या तारांच्या जोड्या एकमेकींच्या जागी लावा आणि दरवाजा पुन्हा उघडा. आधी चॅनल एकचा दिवा अडकत होता आणि आता दोनचा अडकला, तर दोष स्विचच्या आत. अजूनही एकचाच अडकतोय, तर दोष केबलमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये. तपासल्यावर तारा जागच्या जागी लावायला विसरू नका. आत जाण्याआधी लोटो (पुरवठा तोडून कुलूप आणि टॅग लावणं), हे इथे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे दिवा एकचाच अडकत राहिला, पण पाच वेळांत एकदा. हेच छळतं. चाचणीला बसलं की सगळं नीट. शेवटी रिलेकडची चॅनल एकची दोन्ही टोकं काढली, मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, दोन नंबर उघडा ठेवला. आवाज यायला नको होता, आणि येत नव्हता. मग हेल्परला म्हटलं, स्विचपासून मागे मागे ये आणि केबल हलवत राहा. जंक्शन बॉक्सपर्यंत मीटर गप्प. कुंपणाच्या खांबातल्या भोकापाशी त्याने केबल जरा वर ओढली आणि मीटर ओरडला.

भोकाला रबरी ग्रोमेट नव्हता. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण कापलं होतं आणि आतल्या दोन तारा घासून उघड्या पडल्या होत्या, बोटाला तांबं लागत होतं. दोन्ही तारा चॅनल एकच्याच, कॉन्टॅक्टकडे जाणारी आणि परत येणारी. दरवाजा आपटला की खांब हलायचा, तारा कधी टेकायच्या, कधी सुटायच्या. ‘जोरात लावला की होतं’ असं रात्रपाळीचे म्हणायचे. आम्ही त्यांना दरवाजा हळू लावायला सांगत होतो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना खटकते, तेव्हा मलाही खटकली. रिलेमधून तर टेस्ट पल्स जातात, मग हा शॉर्ट त्याला का दिसला नाही? प्रत्येक चॅनलवर ठरावीक वेळाने काही मिलिसेकंदांपुरता किंवा त्याहून कमी वेळ पुरवठा तोडला जातो, दोन्ही चॅनलवर वेगवेगळ्या क्षणी. एका चॅनलची तार दुसऱ्याला किंवा सरळ २४ व्होल्टला लागली, तर चुकीचा पल्स इनपुटवर दिसतो किंवा अपेक्षित पल्स दिसतच नाही, आणि फॉल्ट पकडला जातो. पण एकाच कॉन्टॅक्टची जाणारी आणि येणारी तार एकमेकींना लागली, तर त्याच चॅनलचा तोच पल्स शॉर्टमधून जातो. जुळलेला कॉन्टॅक्ट आणि शॉर्ट यांत पल्सला फरक कळत नाही. तो फरक दरवाजा उघडल्यावरच कळतो.

म्हणून आमच्या तीन नंबरच्या दरवाज्याची मला नंतर जास्त काळजी वाटली. जो उघडलाच जात नाही त्याचा शॉर्ट वर्षभर झोपून राहू शकतो. दरवाज्यांच्या इंटरलॉकचं मानक आयएसओ १४११९ यासाठी किमान अंतर सांगतं: कॅटेगरी ३ किंवा ४ आणि पीएल ई असेल तर महिन्यातून एकदा, कॅटेगरी ३ आणि पीएल डी असेल तर १२ महिन्यांतून एकदा तरी चाचणी. आम्ही तीन नंबर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडून दिवे बघायचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या यादीत टाकलं. पाच मिनिटांचं काम.

आता त्या सज्जन फॉल्टबद्दल, कारण संख्येने तोच जास्त येतो. कॉन्टॅक्टवर संशय असेल तर ओहममध्ये मोजू नका, पुरवठा चालू आणि दरवाजा बंद ठेवून कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. चांगला कॉन्टॅक्ट जवळजवळ काहीच दाखवत नाही, फार तर काही मिलिव्होल्ट. व्होल्टमध्ये आकडा आला की तो कॉन्टॅक्ट व्होल्टेज खातोय. साध्या टाइप १ च्या (पीएलसी इनपुटचा एक प्रमाणित प्रकार) इनपुटला ‘एक’, म्हणजे चालू, दिसायला १५ व्होल्ट लागतात, आणि इनपुट जेमतेम काही मिलिअँप ओढतो. इतक्या कमी करंटने कॉन्टॅक्टवरचा काळा थर जळत नाही, साचत जातो. जुन्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर वर्षानुवर्षं नीट चाललेला स्विच सेफ्टी पीएलसीला (सुरक्षेसाठीच्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरला) जोडल्यावर नखरे करतो, तो याच कारणाने. कूलंट आणि वेल्डिंगच्या धुराच्या जागी तर हमखास. स्प्रे मारून दोन आठवडे काढता येतात. बदला तो स्विच.

मेकॅनिकल बाजू लोक शेवटी बघतात, खरं तर तिथूनच सुरुवात करावी. दरवाजा हळू लावताना एक दिवा आधी आणि दुसरा स्पष्टपणे उशिरा लागत असेल, तर चावी तिरकी जातेय. बिजागरी उचला, चावीचा ब्रॅकेट सरळ करा, आणि स्विचलाच दरवाज्याचा स्टॉपर बनवलं असेल तर वेगळा स्टॉपर लावा.

सेफ्टी पीएलसी असेल तर यावर एक सोपी पळवाट सगळ्यांना सुचते: डिस्क्रेपन्सी टाइम वाढवा. दोन चॅनल किती वेळ वेगळं बोलले तर चालेल, तो हा वेळ. १०० मिलिसेकंदांवरून दोन सेकंद केला की फॉल्ट गायब. दरवाजा खरोखर जड आणि सावकाश लागणारा असेल तर वाढवणं गैर नाही. पण आधी मॉड्यूलची एक सेटिंग बघा. फरक पडल्यावर त्या वेळात इनपुट शून्य द्यायचं, की शेवटचं जुळलेलं उत्तर धरून ठेवायचं, असे दोन पर्याय काही मॉड्यूलमध्ये असतात. शून्य असेल तर वेळ वाढवून थांबायला उशीर होत नाही, फक्त बिघाड उशिरा कळतो. शेवटचं उत्तर धरलं असेल आणि एक चॅनल अडकलेला असेल, तर दरवाजा उघडल्यावर ते दोन सेकंद मशीन चालूच राहणार. थांबायच्या वेळेच्या हिशेबात ते दोन सेकंद मिळवा आणि कुंपणाचं अंतर पुन्हा मोजा. नको वाटतंय ना? मग वेळ जिथे होता तिथे ठेवा आणि बिजागरी बघा.

लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा) किंवा आरएफआयडी सेन्सर (चावीऐवजी टॅग ओळखणारे) जोडले असतील तर फॉल्टचं कारण भलतंच असू शकतं. त्यांचे आउटपुट स्वतःचे टेस्ट पल्स स्वतः टाकतात. अशा इनपुटवर कंट्रोलरचाही टेस्ट पल्स चालू ठेवला की दोघांची भांडणं होतात, आणि इनपुटचा फिल्टर त्या पल्सपेक्षा कमी ठेवला तर सेन्सरची तपासणी कंट्रोलरला दरवाजा उघडल्यासारखी दिसते. मीटरवर यातलं काही दिसत नाही, मीटर निवांत २४ व्होल्ट दाखवतो. ऑसिलोस्कोप नसेल तर सेन्सरच्या मॅन्युअलमधला पल्सचा वेळ आणि मॉड्यूलमधला फिल्टरचा वेळ शेजारी ठेवून वाचा.

दोन्ही चॅनल सगळीकडे दोन नसतात, हेही एकदा डोळ्यांनी बघून घ्या. आमच्या स्विचमध्ये कॉन्टॅक्ट दोन होते, चावी एकच होती. स्क्रू ढिले होऊन चावी दरवाज्यावरून सुटली आणि स्विचमध्येच राहिली, तर दोन्ही कॉन्टॅक्ट एकमताने ‘दरवाजा बंद’ सांगतात. कुठलाही रिले, कुठलाही पल्स ते पकडणार नाही. तसंच एका चार कोअरच्या केबलमध्ये दोन्ही चॅनल: फोर्कलिफ्टने ती चिरडली तर दोघांचं एकदमच होतं. आणि कुणाच्या तरी टूलबॉक्समध्ये असलेली सुटी चावी. ती सापडली तर कचऱ्यात नको, स्टोअरकीपरकडे कुलपात.

आम्ही शेवटी काय केलं: केबल बदलली, तिन्ही खांबांना ग्रोमेट, आणि पुढच्या शटडाउनमध्ये तिन्ही दरवाजे माळेतून काढून छोट्या सेफ्टी पीएलसीच्या तीन वेगळ्या इनपुटच्या जोड्यांवर घेतले. आता एक नंबर उघडून दोन नंबरचा फॉल्ट पुसता येत नाही, आणि स्क्रीनवर दरवाज्याचा नंबर आणि चॅनल येतो. पैसे मंजूर व्हायला दोन महिने लागले. तोपर्यंत रिलेशेजारी कागद चिकटवला होता: फॉल्ट आला तर जो दरवाजा शेवटी उघडला तोच उघडून लावायचा. त्याने नाही गेला तर मेंटेनन्सला फोन, दुसरा दरवाजा उघडायचा नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी मात्र दरवाजा उघडझाप करून आटोपू नका. प्रत्येक दरवाज्याच्या स्विचवर, आधी एका चॅनलच्या कॉन्टॅक्टला मुद्दाम तारेचा तुकडा लावून शॉर्ट करा आणि दरवाजा उघडा. मशीन थांबलं पाहिजे आणि दरवाजा लावल्यावर रिसेट मिळता कामा नये. मग दुसरा चॅनल. तीन दरवाज्यांच्या सहा चाचण्या, सहाही वेळा तारेचा तुकडा काढून परत मोजून खिशात. आमच्याकडे पाचव्या चाचणीला मशीन थांबलंच नाही. तीन नंबर दरवाज्यावर, तोच तो कधी न उघडणारा. त्याच्या स्विचमध्ये कुणीतरी केव्हातरी चॅनल दोनची तार दोन्ही टर्मिनलना न लावता दोन टोकं एकत्र पिरगाळून टेप मारून ठेवली होती. टेपवरची धूळ बघता मशीन बसवलं तेव्हापासूनच.